शिबिराआधी आणि शिबिरानंतर
व्यसनातून सावरलेल्यांनीच चालवलेले निवासी आध्यात्मिक शिबिर दारू सोडवायला पुरेसे ठरते, असे मत आपण मांडले आहे; त्याला एक जोड द्यावीशी वाटते. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी थांबवली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येण्याचा, भ्रम होण्याचा, प्रसंगी जिवावर बेतण्याचा धोका असतो; म्हणून शिबिराला निघण्यापूर्वी नागपुरातच, मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा अन्य मानसोपचारतज्ज्ञांकडे, तपासणी व्हायलाच हवी. सोबत्यांचा आधार अनमोल आहे यात शंका नाही, कारण १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा पायाच एका मद्यपीने दुसऱ्याला सावरण्यावर उभा आहे. शिबिरातून परतलेल्याला त्याच आठवड्यात घराजवळची अशा सोबत्यांची सभा आणि त्याच्या पत्नीला, आई-वडिलांना कुटुंबीयांचा गट मिळेल, अशी व्यवस्था आयोजकांनी आधीच करावी.