मदत हवी आहे : काळ्या मेंदीने टाळू सुजल्यानंतर पाल्याची मेंदी लावावी का?

नमस्कार. आम्ही वेंगुर्ले तालुक्यात राहतो. माझ्या सासूबाई गेली कित्येक वर्षे परसातल्या मेंदीचा पाला पाट्यावर वाटून, त्यात आवळकाठीची पूड आणि चहाचे पाणी घालून, लोखंडी कढईत रात्रभर भिजवून केसांना लावत आल्या आहेत. त्याने डोक्याला थोडा कोरडेपणा येई, पण खोबरेल तेल चोळले की तो जाई. याखेरीज कधीही तक्रार नव्हती.

यंदा गणपतीच्या आधी, पांढरे केस तांबूस न दिसता काळे दिसावेत म्हणून त्यांनी बाजारातून ‘काळी मेंदी’ची पुडी आणून लावली. दुसऱ्या दिवशी केसांच्या कडेने कपाळावर आणि कानांमागे लालभडक पुरळ उठले, पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात, आणि मानेच्या वरच्या भागात टाळूतून लस येऊ लागली. डॉक्टरांनी लगेच औषधे दिली, सूज उतरली. मात्र टाळूवरची खाज आणि खवले अजून पूर्ण गेलेले नाहीत.

पुडीच्या मागे अगदी बारीक अक्षरांत पॅराफेनिलिनडायामिन, म्हणजेच पीपीडी, असे छापलेले आहे. मेंदीच्या पानातले लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केरॅटिन या प्रथिनाला धरून बसते आणि त्याचा रंग तांबूस-नारिंगीच असतो. लोखंड आणि आवळा यांनी तो थोडा गडद होतो एवढेच. नुसत्या पाल्याने केस काळेभोर होत नाहीत. म्हणून काळ्या रंगाची हमी देणाऱ्या पुडीत एक तर निळीच्या पानांची पूड असते किंवा असा रासायनिक रंग असतो, आणि पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘हर्बल’ लिहिलेले असले तरी मागची यादी वाचल्याशिवाय ते कळत नाही. पीपीडीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की ती सहसा जन्मभर राहते आणि पुढच्या वेळी त्रास लवकर व जास्त होऊ शकतो, असे डॉक्टरांनी बजावले आहे. त्यामुळे ती पुडी, तसेच पीपीडी असलेला कोणताही हेअर डाय, आमच्या घरातून कायमचा बाद झाला आहे.

प्रश्न पाल्याच्या मेंदीचा आहे. सासूबाईंना ती सोडवत नाही, आणि मलाही दोष झाडाचा वाटत नाही. पण एकदा अशी अ‍ॅलर्जी झालेल्या कोणी नंतर निव्वळ पाल्याची मेंदी लावली आहे का, आणि टाळू बरी झाल्यावर किती काळ थांबून लावली? कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लेप लावून दोन दिवस वाट पाहायची, असे मी ठरवले आहे. मात्र हातावर काही झाले नाही म्हणजे सोललेल्या टाळूवरही होणार नाही, असे मानण्यास माझे मन धजत नाही. मेंदीनंतर निळीची पूड लावून काळा रंग आणणाऱ्यांनी ती भेसळमुक्त असल्याची खात्री कशी केली, हेही कृपया सांगावे.

दुसरी शंका खवल्यांची. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात अंबाड्यातले केस दिवसभर वाळत नाहीत तेव्हा, कोंडा वाढतोच. तो बुरशीमुळे होतो आणि तेलाने कमी न होता उलट वाढू शकतो. हे खवले त्या कोंड्याचे की अजून न शमलेल्या अ‍ॅलर्जीचे, हे घरी ओळखता येत नसल्यामुळे तूर्त तेल आणि मेंदी दोन्ही बंद ठेवली आहेत. हे योग्य आहे ना?

शेवटची विनंती म्हणजे, पाठीवर पट्ट्या लावून नेमकी कशाची अ‍ॅलर्जी आहे हे पाहणारी पॅच टेस्ट कुडाळ, सावंतवाडी किंवा रत्नागिरीत कोणी करून घेतली आहे का? की त्यासाठी गोव्यात बांबोळीला किंवा कोल्हापूरलाच जावे लागेल? त्यांना लांबचा प्रवास झेपत नाही, म्हणून जवळची सोय माहीत असल्यास जरूर कळवावे.