मदत हवी आहे: बाथरूमचा आरसा चिकटवू की स्क्रूने लावू?
नेरुळला जुन्या सिडको फ्लॅटमध्ये बेसिनवर २४ बाय ३० इंची, ५ मिमीचा आरसा लावायचाय. वजन सहाएक किलो. आधीचा आंबट वासाच्या सिलिकॉनने चिकटवला होता. दोन पावसाळ्यांत मागचा पारा काळा पडला, कडेने नकाशे उमटले. आता न्यूट्रल, म्हणजे आंबट वास नसलेलं, सिलिकॉन आणलंय, पण सुतार म्हणतो क्लिपाच मारा. टाइल ठोकली की पोकळ वाजते, आतून गिझरचा पाइप गेलाय, म्हणून ड्रिलची धास्ती. घर स्वतःचं आहे, तरी फोडाफोड नको.

दिवा डोक्यावर, दाढी करताना हनुवटीखाली अंधार. दोन्ही बाजूंना उभे दिवे हवेत, पण पॉइंट एकच, आरशाच्या वर मधोमध.

पोकळ टाइलवर नुसत्या सिलिकॉनने आरसा टिकेल, की खाली आधाराला पट्टी हवीच? आणि चिकटवलेल्या आरशामागून दोन्हीकडे वायर कशी नेलीत?