थंडीतला माड: नवी झावळी अडून बसलीय

उन्हाचा_भुकेला: मोड आलेला नारळ मोठ्या कुंडीत लावला होता. उन्हाळाभर झकास वाढला. आमच्याकडे हिवाळ्यात पारा रात्री ५ अंशांवर येतो, म्हणून आता खिडकीत आणून ठेवलाय. पण नवी झावळी निम्म्यात अडलीय, खालच्या पानांची टोकं करपलीत. खत वाढवू का? आणि फळ धरेल का कधी?

माडवेडा: खत अजिबात नको! माडाला २७ अंशांच्या आसपास मानवतं, १५ च्या खाली वाढ जवळजवळ ठप्प. मुळं गारठलेली असताना घातलेलं खत नुसतं मातीत साठतं आणि टोकं आणखी करपतात. पाणीही आवरा. दोन पेरं बोट खुपसून माती कोरडी लागली तरच द्या, तेही कोमट. माती गार आणि त्यात ओली, म्हणजे मुळं कुजलीच समजा. कुंडी थेट फरशीवर ठेवू नका. मी रोपांसाठीची गरम होणारी चटई खाली घालतो. अख्खी खोली तापवत बसण्यापेक्षा ते परवडतं.

मुख्य म्हणजे मधली मिटलेली झावळी हलकेच ओढून बघा. उपसून हातात आली, बूड लिबलिबीत आणि वास मारत असेल तर कोंब कुजलाय. माडाला कोंब एकच. तो गेला की बुंधा कितीही धडधाकट दिसो, झाड संपलं.

फळाचं म्हणाल तर कुंडीत विसरा.

हौशी_माळी: बर्म्युडात आहेत की माड, ३२ अक्षांशावर!

माडवेडा: आहेत, वाढतातही. पण ऊब कमी पडते, नारळ धड भरत नाहीत. जगणं वेगळं, फळणं वेगळं.

पानवेल: नुसता माडाचा थाट हवा असेल तर बेकारिओफिनिक्स आल्फ्रेडी बघा. मादागास्करच्या पठारावरचा पाम, २००७ साली शास्त्रीय नाव मिळालं. हुबेहूब माड दिसतो आणि थंडी बरीच जास्त सोसतो. नारळ मात्र येत नाहीत.

उन्हाचा_भुकेला: झावळी ओढून पाहिली, घट्ट आहे! बाहेर कधी काढू?

माडवेडा: मग वाचलात. रात्री १५ च्या वर टिकायला लागल्या की काढा, पण आधी सावलीत. घरातली पानं एकदम दुपारच्या उन्हात नेली तर पांढरी पडून भाजतात. करपलेली टोकं तेवढी कातरा. हिरवा भाग आहे तोवर पान कापू नका.