धातूचा सेंच्युरियन (१:७६): तोफेची नळी टिकत नाही, प्रायमर सुटतोय

डोंबिवलीकर_७६
मंडळी, १:७६ चा व्हाइट मेटलचा (कमी उष्णतेत वितळणारा मिश्रधातू) सेंच्युरियन रणगाडा हाती घेतलाय. सप्टेंबर १९६५ च्या भारत-पाक युद्धातली फिलोराची लढाई, पूना हॉर्स रेजिमेंटचा रणगाडा असा बेत आहे. आजवर प्लॅस्टिकचेच किट केले. इथे नळी फेविक्विकने चिकटवली तरी जरा धक्का लागला की निखळते, आणि प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) नखाने निघतोय. बाहेर धो धो पाऊस. काय करू? रंग कोणता द्यावा तेही सांगा.

तोफखाना
विषय फार आवडला. परमवीरचक्र विजेत्या तारापोर साहेबांच्या रेजिमेंटचा रणगाडा करताय, तर नीटच होऊ दे.

नळीला पिन घाला, दुसरा इलाज नाही. फेविक्विकचा जोड ताण सहन करतो, आडवा धक्का नाही, आणि धातूची नळी जड असते. नळीच्या टोकाला मधोमध पिन व्हाइसने (हाताने फिरवायचं बारीक ड्रिल) ०.६ मिमीचं भोक पाडा, त्यात पितळी तार बसवा. तारेच्या टोकाला ओल्या रंगाचा ठिपका लावून नळी मँटलेटवर (नळीच्या बुडाशी असलेली ढाल) टेकवा. ठिपका उमटेल तिथेच दुसरं भोक. मग अ‍ॅराल्डाइट लावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. फटी एम-सीलने भरा.

प्रायमर सुटतोय तो साच्याच्या पावडरीमुळे किंवा बोटांच्या तेलकटपणामुळे. आहे तो काढून टाका, भांड्यांच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळवा, मग धातू फक्त कडेने धरा. स्प्रे मात्र उघडीप मिळेल त्या दुपारीच. दमट हवेत पांढुरका थर बसतो.

एक गोष्ट सहसा कोणी करत नाही: सेंच्युरियनचं टरेट (वरचा फिरता बुरूज) ओतीव आहे, हल (खालचं धड) जोडलेल्या पत्र्यांची. म्हणून पातळ केलेली पुटी आखूड केसांच्या ब्रशने फक्त टरेटवर टोचत लावा, हल गुळगुळीत ठेवा. इतक्या छोट्या मॉडेलवरही हा फरक लगेच दिसतो.

रंग गडद हिरवा, पण डबीतून काढून थेट नको. थोडा फिका करा, नाहीतर १० सेंमीच्या हलवर तो काळाच दिसतो. मँटलेटवरचं कॅनव्हास वेगळ्या, मळकट खाकीत.

झाळकाम
अ‍ॅराल्डाइटऐवजी ७० अंशांना वितळणारं सोल्डर वापरून पाहा, जोड पक्का होतो. पण तापमान कमी करता येणारं सोल्डरिंग आयर्न हवं. साधं लावलं तर भागच वितळेल. आणि जुन्या किटमध्ये शिसं असतं. पॉलिशपेपर ओलाच वापरा, जेवणाच्या टेबलावर काम नको, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नको.

नगरी_घोडदळ
नगरच्या टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन आहे. जमलं तर जाऊन या, टरेटचा खडबडीतपणा जवळून बघता येतो. तिथल्या रंगावर मात्र भिस्त ठेवू नका, हे रणगाडे पुन्हा रंगवलेले असतात.

डोंबिवलीकर_७६
सगळ्यांचे मनापासून आभार. उद्याच ड्रिलचं बिट आणतो. चाकं आधी रंगवू की बसवून?

तोफखाना
आधी. बाजूला सहा-सहा चाकं, वरून स्कर्ट प्लेट्स (चाकं झाकणारे बाजूचे पत्रे). त्या बसल्या की आत ब्रश जात नाही. चाकं, ट्रॅक, धूळ सगळं संपवा, मगच प्लेट्स लावा. धूळ फिकट करडी-तपकिरी घ्या, आपल्याकडची तांबडी नको.