मदत हवी आहे: पिनच्या कुलपानंतर लिव्हरच्या कुलपाकडे कसं वळावं?

नमस्कार मंडळी. छंद म्हणून कुलपं किल्लीविना उघडायला शिकतेय. फक्त स्वतःची, सरावासाठी घेतलेली कुलपं. दाराला लावलेल्या कुलपाला हात लावायचा नाही, हा नियम पक्का पाळते.

पारदर्शक सराव-कुलूप आता जमतं. गाभ्यावर, म्हणजे किल्लीबरोबर फिरणाऱ्या भागावर, हलका ताण ठेवायचा, त्याला अडवणाऱ्या छोट्या पिनांपैकी जी सगळ्यात घट्ट लागते ती आधी उचलायची, ती बसली की बारीकसा 'टिक' बोटांना कळतो. फार सुंदर यंत्रणा आहे ही! लायनस येल ज्युनियरने 1861 साली पेटंट घेतलेली रचना आजही तशीच चालते. पुढचं पितळी कुलूप मात्र अडलंय. गाभा किंचित फिरतो आणि तिथेच थांबतो. आत स्पूल पिन, म्हणजे मधे बारीक असलेल्या, रिळासारख्या फसव्या पिन असाव्यात असं वाटतं. अशा वेळी ताण नेमका किती सैल करायचा? मी सैल केला की बसलेल्या पिनाही खाली येतात.

खरी ओढ वेगळीच आहे. आपल्याकडची बरीचशी जुनी कुलपं लिव्हरची, म्हणजे आत किल्लीने उचलल्या जाणाऱ्या चपट्या पट्ट्या असलेली. प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीवर आली तरच बोल्टचा, म्हणजे कुलूप बंद ठेवणाऱ्या दांड्याचा, खुंट लिव्हरच्या खाचांतून सरकतो. कमी उचललेली चालत नाही, जास्त उचललेलीही नाही. यात ताण थेट बोल्टवर द्यावा लागतो, म्हणजे माझी आत्ताची हत्यारं बहुधा निरुपयोगी. सुरुवातीला किती लिव्हरचं कुलूप घ्यावं? स्क्रूने उघडून आतल्या लिव्हर कमी करता येतील असं काही मिळतं का? कुणी अलीगढचं कुलूप खोलून पाहिलं असेल तर आतला फोटो जरूर टाका.