सेट ग्लोबल करूनही वेट_टाइमआउट जुनाच दिसतो

प्रश्न
मायएसक्यूएल (डेटाबेस सर्व्हर) ८.०. रिकामं कनेक्शन किती सेकंदांनी तोडायचं ते ठरवणारी सेटिंग बदलायला ‘सेट ग्लोबल वेट_टाइमआउट = ६००’ चालवलं, एरर आली नाही. पण ‘शो व्हेरिएबल्स’ २८८००च दाखवतं. कमांड लाइनमधून बाहेर पडून परत लॉगिन केलं तरी तेच. ॲपची कनेक्शनंही तासन्‌तास ‘स्लीप’मध्ये पडून आहेत. काय चुकतंय?

उत्तर १
कमांड लागू झालीय. ग्लोबल (सर्व्हरभरची) व्हॅल्यू कनेक्शन जोडताना सेशनमध्ये, म्हणजे त्या एका कनेक्शनपुरती, कॉपी होते. आधीच उघडलेल्या सेशनवर तिचा काही परिणाम होत नाही. आणि नुसतं ‘शो व्हेरिएबल्स’ सेशनचीच व्हॅल्यू दाखवतं. दोन्ही एकदम बघा:

सिलेक्ट @@ग्लोबल.वेट_टाइमआउट, @@सेशन.वेट_टाइमआउट;

परत लॉगिन करूनही २८८०० दिसतं, इथे बहुतेक जण फसतात. कमांड लाइन क्लायंट इंटरॲक्टिव्ह (माणूस थेट वापरतोय असा) धरला जातो, आणि अशा सेशनचा वेट_टाइमआउट ग्लोबल इंटरॲक्टिव्ह_टाइमआउटवरून भरला जातो. तो तुम्ही बदललेलाच नाही. त्यामुळे ॲपचं काय चाललंय ते या खिडकीतून कळणार नाही. परफॉर्मन्स_स्कीमा या सर्व्हरच्या आतल्या माहितीच्या डेटाबेसमधलं व्हेरिएबल्स_बाय_थ्रेड हे टेबल बघा, त्यात प्रत्येक चालू सेशनची व्हॅल्यू मिळते.

उत्तर २
ॲपची ती कनेक्शनं पूलमधली (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यातली) जुनी असणार. पूल रीस्टार्ट करा. हिकारी (जावाची पूल लायब्ररी) वापरत असाल तर मॅक्सलाइफटाइम (कनेक्शनचं कमाल आयुष्य) डीफॉल्ट ३० मिनिटं असतो, म्हणजे तुमच्या ६०० सेकंदांपेक्षा जास्त. सर्व्हर आधी कनेक्शन तोडेल आणि लॉगमध्ये ‘फेल्ड टू व्हॅलिडेट कनेक्शन’ची रांग लागेल. मॅक्सलाइफटाइम ५,४०,००० मिलिसेकंद (९ मिनिटं) ठेवा.

प्रश्नकर्ता
पूल रीस्टार्ट केल्यावर ६०० आलं. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर टिकेल का? आणि एका पॅकेटचा कमाल आकार वाढवायला ‘सेट ग्लोबल मॅक्स_अलाउड_पॅकेट = १२८एम’ दिलं तर एरर येते.

उत्तर १
नाही टिकणार. ‘सेट पर्सिस्ट’ वापरा: चालू ग्लोबल व्हॅल्यूही बदलते आणि डेटा डिरेक्टरीतल्या मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफमध्ये नोंदही होते. ही फाइल माय.सीएनएफ या नेहमीच्या कॉन्फिग फाइलनंतर वाचली जाते, म्हणून पुढे कुणी माय.सीएनएफमध्ये त्याच व्हेरिएबलचा बदल केला तर तो लागू होणार नाही. ‘रीसेट पर्सिस्ट’ने फक्त फाइलमधली नोंद जाते, चालू व्हॅल्यू तशीच राहते.

‘एम’ (मेगाबाइट) फक्त कॉन्फिग फाइलमध्ये आणि सर्व्हर सुरू करतानाच्या पर्यायांत चालतं. ‘सेट’मध्ये १२८*१०२४*१०२४ लिहा. मॅक्स_अलाउड_पॅकेट सेशनमध्ये रीड-ओन्ली आहे (बदलता येत नाही), तेव्हा ग्लोबल बदलून नवीन कनेक्शन घ्यावंच लागेल. क्लायंटची मर्यादा वेगळी असते, तीही वाढवा.