‘महिला एकेरी वल्हे’ : बाईच्या हातात वल्ही किती?

खानापूरहून :
शाळेच्या भित्तिपत्रकासाठी ऑलिंपिकमधल्या खेळांवर चार-चार ओळी लिहीत होते. ‘विमेन्स सिंगल स्कल्स’ला मी ‘महिला एकेरी वल्हे’ असं लिहिलं आणि शेजारची रिकामी चौकट सातवीतल्या एका मुलीला चित्रासाठी दिली. तिनं होडी काढली, होडीत वेणीवाली बाई, आणि तिच्या हातात एकच वल्हं. उलथन्याएवढं. तिची काही चूक नाही, मी लिहिलं तेच तिनं काढलं. खरं तर या शर्यतीत एकटी बाई दोन्ही हातांनी दोन वल्ही चालवते. मग एकेरी कशाला म्हणायचं? चांगला शब्द सुचवा. भित्तिपत्रक सोमवारी लावायचंय.

शहापूर, बेळगावहून :
बाई, घोटाळा ‘एकेरी’त नाही, त्याच्या पुढं काय ठेवलंत त्यात आहे. एकेरी रस्ता, एकेरी पदर, एकेरी दोरा… हा शब्द पुढच्या नामाला चिकटतो. एकेरी दोरा म्हणजे एकाच पदराचा. त्याच हिशेबानं एकेरी वल्हे म्हणजे एकच वल्हं, असंच कुणीही वाचणार. टेनिसमध्ये आपण ‘महिला एकेरी’ एवढ्यावर थांबतो, पुढं रॅकेट लावत नाही, म्हणून तिथं निभावतं. ‘वल्हे : महिला एकेरी’ असं उलटं लिहिलंत तरी अर्धं काम होईल.

माझं आयुष्य मुद्रितं तपासण्यात गेलं. अशा मथळ्यांत आम्ही डोळे झाकून ‘नौकानयन’ ठोकून द्यायचो. दत्तू भोकनळ २०१६ला रिओत पुरुषांच्या याच प्रकारात उतरला आणि तेरावा आला, तेव्हा ‘नौकानयनपटू’ हा शब्द घराघरांत गेला. पण शिडाच्या होड्यांच्या शर्यतीलाही नौकानयन, जहाजं हाकण्याच्या शास्त्रालाही नौकानयन. एका अंगरख्यात तिघे भाऊ.

(आणि हो, ‘एकेरीवर येणे’ म्हणजे अरेतुरे करणे. भांडणात ते लागतंच, पण बिचाऱ्या खेळाडूला कशाला?)

अंकलीहून :
आमच्या कृष्णाकाठाला वल्हं कुणी शिकवायला नको. पलीकडं सांगलीच्या बाजूला होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा काठावर पाय ठेवायला जागा नसते, आणि त्याला नौकानयन म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही. होडी शर्यत म्हणा, लोकांना लगेच कळतं.

नाव चालवणाऱ्याला इकडं आंबी म्हणतात, आणि कानडीत अंबिग. बाराव्या शतकातले वचनकार अंबिगर चौडय्या हे याच धंद्यातले. कानडीत वल्ह्याला म्हणतात हुट्टु. आता गंमत बघा, हुट्टु म्हणजे जन्मसुद्धा. वाढदिवसाला ते हुट्टुहब्ब म्हणतात. लहानपणी शेजारच्या अण्णांनी ‘उद्या पोराचा हुट्टुहब्ब’ म्हणून सांगितलं, तर मला वाटलं नदीवर वल्ह्यांची पूजा आहे. सकाळी आंघोळ करून घाटावर जाऊन बसलो होतो.

२०१९च्या पुरात रबरी बोटी आल्या. आमच्या गल्लीतल्या एका आजीनं बोटीत बसायच्या आधी इंजिनाकडं बघून विचारलं, “वल्हं कुठाय? हे बंद पडलं तर?” त्यानंतर मी गच्चीवर एक जुनं वल्हं टांगून ठेवलंय.

टिळकवाडीहून (माहेर मालवण) :
अंकलीचे अण्णा, तुमचं नावेतलं वल्हं हातात मोकळं असतं. नावाडी पुढं तोंड करून ते पाणी मागं लोटतो. कायाक, कनू यांचंही तसंच. बाईंनी विचारलेल्या होडीत वल्हं बाहेर काढलेल्या चौकटीत अडकवलेलं असतं आणि ते लोटायचं नसतं, ओढायचं असतं. बसायची पाटी चाकांवर पुढंमागं सरकते, म्हणजे निम्म्याहून अधिक जोर पायांचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाई बसते पाठमोरी. होडीच्या पुढच्या टोकाला आम्ही नाळ म्हणतो. ती नाळ तिच्या पाठीकडं आणि शेवटची रेषा त्याच्याही पलीकडं. जिच्या पुढं निघून जाते ती तिला समोर दिसते, जी पुढं गेलेली असते तिच्यासाठी मान वळवावी लागते.

म्हणून मला वाटतं, मोकळ्या वल्ह्याला ‘हातवल्हं’ म्हणावं आणि चौकटीतल्याला नुसतं ‘वल्हं’. तेवढा फरक शब्दात दिसला पाहिजे.

निपाणीहून :
त्या बाहेरच्या चौकटीला ‘उलांडी’ म्हणता येईल ना? कोकणातल्या होडीला असते ती.

टिळकवाडीहून (माहेर मालवण) :
नाही हो. उलांडी होडीच्या बाजूला पाण्यावर तरंगते आणि होडीला उलटू देत नाही. ही चौकट पाण्याला शिवतसुद्धा नाही, तिचं काम वल्ह्याला टेकू देण्याचं. उलांडी असती तर नवशिके पहिल्याच दिवशी पाण्यात पडले नसते! एकटीची ही होडी आठ मीटरच्या आसपास लांब आणि वजनाला किमान १४ किलो. पंचवीस किलोच्या तांदळाच्या पोत्यापेक्षा हलकी. रुंदी जेमतेम बसण्यापुरती. दोन्ही वल्ही पाण्यावर पसरून धरली तरच सरळ राहते, एक सोडलं की कलंडली. खानापूरच्या सातवीतल्या मुलीनं काढलेली बाई आतापर्यंत बुडालेली असणार.

खडकगल्लीहून :
माझ्या भाच्यानं ‘सिंगल स्कल्स’ फोनवर भाषांतराला टाकलं तर ‘स्कल’ची कवटी करून ‘एकेरी कवट्या’ आलं. आता तो म्हणतोय हीच स्पर्धा बघणार.

शहापूर, बेळगावहून :
😄 कवट्या बाजूला ठेवू. टिळकवाडीच्या अक्कांचं पटलं, पण मथळ्यात मोजायचं काय, माणसं की वल्ही? दोघींची एक शर्यत आहे, तिच्यात प्रत्येकीकडं एकच लांब वल्हं. म्हणजे होडीत माणसं दोन, वल्ही दोन. आणि आपल्या एकटीच्या होडीतही वल्ही दोनच! नुसती वल्ही मोजून पत्ता लागत नाही. म्हणून दोन्ही हातांत वल्हं असेल तर ‘जोडवल्ही’, एकच असेल तर ‘एकवल्ही’, आणि माणसांचा आकडा वेगळा. ‘जोडवल्ही शर्यत, महिला एकेरी’. ‘एकेरी’ही राहिलं आणि वल्हीही नीट मोजली गेली.

निपाणीहून :
‘जोडवल्ही’ ऐकून जोडव्यांची आठवण होते.

शहापूर, बेळगावहून :
होऊ दे की. जोडव्याला जोड लागतेच.

अंकलीहून :
मला मान्य. फक्त शर्यतीत ‘वल्हं मारलं’ म्हणायचं, ‘ओढलं’ म्हणायचं नाही. अक्का काहीही म्हणोत, आमच्यात वल्हं मारतातच.

खानापूरहून :
सर्वांचे आभार. अण्णा, ‘मारणे’ ठेवलंय. अक्का, ‘ओढणे’ही एका वाक्यात आहे. मजकूर असा केला :

“जोडवल्ही शर्यत, महिला एकेरी. होडीत एकटी बाई, दोन्ही हातांत वल्ही. ती पाठमोरी बसून वल्ही ओढते, अंतर २००० मीटर. ऑलिंपिकमध्ये महिलांना ही शर्यत १९७६ साली मॉन्ट्रियलला मिळाली, पण १९८४पर्यंत त्यांना १००० मीटरच वल्हं मारू दिलं. २००० साली सिडनीत बेलारूसच्या एकातेरिना कार्स्टेनची नाळ बल्गेरियाच्या रुम्याना नेइकोवाच्या नाळेआधी रेषेवर पोचली, अंतर सेकंदाचा शंभरावा भाग. २०२४ला पॅरिसमध्ये नेदरलँड्सची कारोलिन फ्लोराइन पहिली आली, न्यूझीलंडची एमा ट्विग दुसरी.”

‘मारू दिलं’वर मुख्याध्यापकांची पेन्सिल फिरली होती, मी ते परत लिहिलं.

त्या मुलीला चित्र पुन्हा काढायला दिलं. आता दोन वल्ही आहेत, छान लांब. पण बाई अजून पुढंच बघतेय. पाठमोरी काढ म्हटलं तर म्हणाली, “मग तोंड कसं दिसणार, बाई?” अक्का, यावर काही सुचवा.

टिळकवाडीहून (माहेर मालवण) :
काठावर नको, मागून येणाऱ्या होडीच्या नाळेवर उभी राहून काढ म्हणावं. तिथून तोंडच दिसतं.